पाठीवर सॅक घेऊन येणारे गिऱ्हाईक

डोंगरातल्या कोणत्याही नामांकित गावी दोन तऱ्हेचे प्रवासी दिसतात. एक मोटारीतून उतरतो, मोठ्या हॉटेलात राहतो, दोन दिवसांत ठरलेली ठिकाणे पाहतो आणि परत जातो. दुसरा पाठीवर सॅक घेऊन बसमधून उतरतो, चार ठिकाणी भाव विचारतो आणि शेवटी एका खोलीत सहा-आठ पलंग असलेल्या स्वस्त हॉस्टेलात मुक्काम टाकतो. आमचे दुकानदार पहिल्याला उठून सलाम करतात, दुसऱ्याकडे मान वर करूनही पाहत नाहीत. ‘याच्या खिशात काय असणार?’ हा त्यांचा पक्का समज असतो.

हा समज कितपत खरा आहे, हे व्यापाऱ्याच्या नजरेने तपासून पाहावे असे आम्हांला वाटले. त्यासाठी आम्ही लडाखमधील लेह हे गाव निवडले आहे. कारण उघड आहे. हे गाव शेकडो वर्षे काफिल्यांच्या व्यापारावर जगले, त्या व्यापारात मुस्लिम सौदागर आघाडीवर होते, पुढे तो व्यापार एकाएकी बंद पडला, आणि मग याच सॅकवाल्या प्रवाशांनी गावाच्या बाजारात पुन्हा वर्दळ आणली. छोट्या व्यापाऱ्याने आणि कारागिराने शिकण्यासारखे यात पुष्कळ आहे.

हॉस्टेल म्हणजे काय?

आपल्याकडे हॉस्टेल म्हटले की कॉलेजच्या मुलांचे वसतिगृह डोळ्यांपुढे येते. प्रवाशांचे हॉस्टेल निराळे. येथे खोली नव्हे, पलंग भाड्याने मिळतो. एका खोलीत चार, सहा, आठ पलंग असतात, बहुधा एकावर एक. प्रत्येकाला सामान ठेवण्यास कुलपाचे कपाट, सर्वांना मिळून न्हाणीघर, बसण्याची एक मोठी खोली आणि बऱ्याच ठिकाणी स्वतः चहा-खिचडी करून घेण्यास स्वयंपाकघर असते. बायकांसाठी वेगळी खोली बहुतेक चांगल्या हॉस्टेलांत असते.

या पद्धतीचा आरंभ जर्मनीत झाला. रिचर्ड शिरमान नावाचे एक शाळामास्तर मुलांना घेऊन पायी सहलीला जात. रात्रीच्या मुक्कामाची अडचण पाहून १९०९ साली त्यांना ही कल्पना सुचली, आणि १९१२ मध्ये आल्टेना येथील जुन्या किल्ल्यात पहिले कायमचे युवा हॉस्टेल उघडले गेले. आपल्याकडे यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या हिमालयातील मोहिमांना जाऊन आलेली मराठी माणसे गावोगावी भेटतील. २०१३ च्या सुमारास झॉस्टेलसारख्या कंपन्या निघाल्या आणि त्यानंतर डोंगरी गावांतून अशा हॉस्टेलांची संख्या झपाट्याने वाढली.

पण नाव नवे असले तरी वस्तू आपल्याला नवी नाही. सराई, मुसाफिरखाना, अरब देशांतील फुन्दुक ही सगळी याच घराण्यातील. खाली जनावरे आणि माल, वर माणसे, अंगणात विहीर, एकाच चुलीवर दहा मुलुखांच्या लोकांचा स्वयंपाक. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटजवळील हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना हज यात्रेकरूंच्या कित्येक पिढ्यांनी पाहिला आहे. इस्लामने तर मुसाफिराचा हक्कच मान्य केला आहे. जकात ज्या आठ प्रकारच्या लोकांना देता येते, त्यांत वाटेवरचा मुसाफिर आहे. तेव्हा प्रवाशाला निवारा देणे हा आपल्याकडे धर्मही होता आणि धंदाही होता.

काफिल्यांचे गाव

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. श्रीनगरहून येणारी वाट झोजी ला खिंडीतून येथे पोहोचते. येथून उत्तरेस खारदुंग ला, सासेर ला आणि शेवटी साडेपाच हजार मीटरहून उंच असलेली काराकोरम खिंड ओलांडली की मध्य आशियातील यारकंदचा रस्ता लागतो. पूर्वेकडे तिबेट. अशा चौरस्त्यावर बसलेले हे गाव.

यारकंद आणि खोतानकडून गालिचे, नमदे, रेशीम आणि घोडे येत. चरसही येई, आणि त्या काळी तो उघड व्यापाराचा माल होता, हेही सांगितले पाहिजे. इकडून सुती कापड, मसाले, नीळ, किनखाब असा माल जाई. यारकंदचा प्रवास महिनाभराहून अधिक काळाचा. बरेचसे काफिले लेहला थांबत, मालाची अदलाबदल होई, नवी जनावरे भाड्याने ठरत. घोडी भाड्याने देऊन माल पोहोचविणाऱ्यांना ‘किरायाकश’ म्हणत. काश्मिरी, यारकंदी, पंजाबी आणि लडाखी व्यापारी आठवडेच्या आठवडे गावात राहत. मुस्लिम सौदागर आणि लडाखी स्त्रिया यांच्या विवाहांतून ‘अरगोन’ म्हणून ओळखला जाणारा समाज तयार झाला आणि या व्यापारात त्याने मोठे नाव कमावले. बाजाराच्या वरच्या टोकाला सतराव्या शतकात बांधलेली जामा मशीद आजही उभी आहे.

लेहच्याच एका गरीब घरातील गुलाम रसूल गलवान हा मुलगा परदेशी प्रवाशांबरोबर हमाल आणि वाटाड्या म्हणून काम करू लागला. पुढे तो काफिल्यांचा प्रमुख झाला आणि त्याने आपले आत्मचरित्र लिहिले. ते १९२३ साली इंग्लंडमध्ये छापले गेले. गलवान नदीला त्याचेच नाव आहे. प्रवाशांच्या सेवेतून माणूस कोठवर जाऊ शकतो, याचे हे लेहमधलेच उदाहरण.

१९४९ साली चीनमध्ये राज्यक्रांती झाली आणि यारकंदची वाट बंद पडली. पुढे तिबेटची सरहद्द बंद झाली. १९६२ चे युद्ध झाले. चौरस्त्यावरचे गाव रस्त्याच्या शेवटचे गाव होऊन बसले. ज्या घरांच्या अंगणात यारकंदी घोडी बांधली जात होती, तेथे शांतता पसरली. पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या घराण्यांना दुसरे मार्ग शोधावे लागले.

पाहुणे पुन्हा आले

१९७४ साली सरकारने लडाख पर्यटकांसाठी खुले केले. त्या काळी युरोपातील तरुण इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर या खुष्कीच्या मार्गाने हिंदुस्थानात आणि नेपाळात येत असत. १९७९ मध्ये इराणची क्रांती आणि अफगाणिस्तानात रशियन फौजांचा प्रवेश यांमुळे तो मार्ग बंद पडला, तरी सॅकवाल्यांचे येणे थांबले नाही. ते विमानाने दिल्लीला उतरू लागले आणि तेथून डोंगराकडे वळू लागले.

लेहला तेव्हा मोठी हॉटेले नव्हती. लोकांनी आपल्या राहत्या घरातील एक-दोन खोल्या झाडून दिल्या. चांगस्पा भागातील जवाच्या शेतांमधून असलेली घरे पाहता पाहता ‘गेस्ट हाउस’ झाली. भांडवल काय लागले? गाद्या, रजया आणि गरम पाण्याची बादली. घरची बाई स्वयंपाक करी, मुलगा बाजारातून सामान आणी. पुढे २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत खेड्यांतूनही घरगुती मुक्कामाची योजना आली. हिमबिबट्याच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेने ती सुरू केली. बिबट्या मेंढ्या मारतो म्हणून त्याला मारू पाहणाऱ्या शेतकऱ्याला त्याच बिबट्याच्या मुलुखात येणाऱ्या पाहुण्यांपासून उत्पन्न मिळू लागले. पुष्कळ गावांत पाळीची पद्धत आहे. आजचा पाहुणा या घरी, उद्याचा पुढच्या घरी, म्हणजे एकाच घराचे पोट भरत नाही.

आता चांगस्पात पलंगाने भाडे घेणारी हॉस्टेले ठिकठिकाणी आहेत. मोटारसायकलवरून येणारे मराठी तरुणही त्यांत असतात. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये मनालीच्या बाजूचा नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून त्या वाटेचा एक अवघड टप्पा सोपा झाला आहे.

रुपया कोठे जातो?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. केवळ समजण्यासाठी एक हिशेब मांडू. समजा, मोटारीतून आलेला प्रवासी दिवसाला ६,००० रुपये खर्च करतो आणि दोन दिवस राहतो. गावात त्याचे १२,००० रुपये पडले. समजा, हॉस्टेलात उतरलेला प्रवासी दिवसाला १,५०० रुपयेच खर्च करतो, पण दहा दिवस राहतो. त्याचे १५,००० झाले. एकूण रकमेत फार मोठा फरक नाही. फरक आहे तो ही रक्कम कोणाच्या गल्ल्यात जाते यात.

पहिल्याचे पैसे मुख्यतः हॉटेलाला आणि सहल ठरविणाऱ्या दूरच्या कंपनीला जातात. तो न्याहारीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत हॉटेलातच जेवतो. खरेदीला निघाला तर ड्रायव्हर नेईल त्या दुकानात जातो. अशा दुकानांत ड्रायव्हरची दलाली ठरलेली असते, हे आमच्या व्यापारी बांधवांना आम्ही सांगायला नको. २,००० रुपयांच्या शालीवर चौथाई दलाली गेली, तर ५०० रुपये न विणणाऱ्याचे, न विकणाऱ्याचे. तो भार शेवटी कारागिराच्या मजुरीवर किंवा गिऱ्हाइकावर पडतो.

दुसरा पायी हिंडतो. सकाळी जामा मशिदीमागच्या गल्लीत नानवाईच्या तंदूरमधून निघणारी गरम रोटी घेतो. मुख्य बाजारात पदपथावर बसलेल्या बायकांकडून सुके जर्दाळू घेतो. बुटाचा तळवा निघाला तर मोच्याकडे जातो, सॅकची चेन तुटली तर शिंप्याकडे. कपडे धुवायला टाकतो, सायकल भाड्याने घेतो, न्हाव्याकडे दाढी करतो. त्याचा एक-एक रुपया वीस हातांत जातो, आणि मध्ये दलाल नसतो.

लेहची आणखी एक खास गोष्ट आहे. विमानाने आलेल्या माणसाला उंचीवरच्या विरळ हवेचा त्रास होतो. डोके दुखते, धाप लागते. म्हणून पहिला दीड-दोन दिवस कोठेही न जाता गावातच विश्रांती घ्यावी, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. म्हणजे प्रत्येक नवा पाहुणा सुरुवातीचे दोन दिवस हळूहळू बाजारात फिरतो. हुशार दुकानदार या दोन दिवसांत काही विकण्याची घाई करीत नाही. तो बसवतो, पाणी देतो, कोणता रस्ता कसा आहे ते सांगतो. कारण सॅकवाला खरेदी पहिल्या दिवशी करीतच नाही. ओझे पाठीवर वाहायचे असते. तो शेवटच्या दिवशी खरेदी करतो, आणि तेव्हा ज्याने पहिल्या दिवशी पाणी दिले त्याच्याकडेच जातो.

टॅक्सीचेही तसेच. लेहमध्ये टॅक्सी युनियनचे दर ठरलेले आहेत. एकट्याला पँगाँग सरोवराला जाणे महाग पडते. म्हणून हॉस्टेलांत आणि प्रवासी कचेऱ्यांबाहेर फळ्यावर चिठ्ठ्या लागतात: अमुक दिवशी अमुक ठिकाणी जायचे आहे, दोन जागा रिकाम्या. चार अनोळखी माणसे मिळून गाडी ठरवितात. गाडीवाल्याला पूर्ण भाडे, प्रवाशाला चौथाई खर्च. जुन्या काळी काफिल्यात सामील होणे यापेक्षा वेगळे काय होते?

पलंगाचा हिशेब

हॉस्टेल चालविणे हा धंदा म्हणून कसा आहे? हाही हिशेब उदाहरणादाखलच आहे. समजा, एका खोलीत ८ पलंग, पलंगाला रात्रीचे ६०० रुपये आणि हंगाम १२० दिवसांचा. सगळे पलंग रोज भरले तर ५,७६,००० रुपये होतील, पण असे कधी होत नाही. शंभरात साठ भरले असे धरा. मग ३,४५,६०० रुपये येतात. तीच खोली दोन माणसांना २,००० रुपयांनी दिली आणि तितकेच दिवस भरली, तर १,४४,००० होतात.

आकडे पाहून हुरळून जाण्याचे कारण नाही. आठ माणसांच्या चादरी रोज धुवाव्या लागतात. न्हाणीघरे वाढवावी लागतात. रात्री-अपरात्री येणाऱ्यासाठी माणूस ठेवावा लागतो. नोंदणी इंटरनेटवरील कंपन्यांकडून आली तर त्यांचे कमिशन जाते. ते शेकडा १५ धरले तर वरच्या रकमेतून ५१,८४० रुपये तेथेच गेले. आणि लेहला पाणी हा मोठा प्रश्न आहे. पाऊस जेमतेम, सारा आधार वितळणाऱ्या बर्फाचा आणि बोअरचा. परंपरेने लडाखी घरांत माती टाकून वापरायचे कोरडे शौचालय असते आणि त्याचे खत शेतात जाते. पाहुण्यांसाठी फ्लशची शौचालये आली आणि बोअर वाढले. जो मालक पाणी जपून वापरायला लावतो, तो आपलाच पुढच्या वर्षीचा धंदा वाचवितो.

कायद्याकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. परदेशी पाहुणा उतरला की त्याची माहिती चोवीस तासांच्या आत सरकारला कळवावी लागते. घरात एकच खोली भाड्याने दिली तरी हा नियम आहे. आपल्या लोकांनी तर या बाबतीत विशेष दक्ष राहावे, कारण कागद अपुरा असला की साध्या चुकीचाही मोठा बोभाटा होतो.

काही बांधव आम्हांला विचारतात की, असल्या धंद्यात दारू आणि बेशिस्त येणारच, मग मुसलमानाने त्यात का पडावे? आमचे म्हणणे असे की, घराचे नियम घरमालक ठरवितो. दारू चालणार नाही, बायकांची खोली वेगळी, रात्री दहानंतर गोंगाट नाही, स्वयंपाक हलाल, अशी पाटी दारातच लावावी. अशा पाटीने काही पाहुणे जातील आणि काही त्याच पाटीमुळे येतील. एकट्या प्रवास करणाऱ्या मुली आणि कुटुंबे अशी जागा शोधतच असतात.

हलके, टिकाऊ, खरे

कारागिरांसाठी यात काय आहे? पहिली गोष्ट, सॅकवाल्याला काय नेता येते याचा विचार करावा. जड तांब्याचा समोवार तो कौतुकाने पाहील, घेणार नाही. त्याच समोवाराच्या घडणीतला लहान चमचा, पेला किंवा किल्लीची कडी तो घेईल. झांस्कार नदीकाठी चिलिंग नावाचे गाव आहे. सतराव्या शतकात शे येथील बुद्धमूर्तीसाठी नेपाळहून आणलेल्या धातुकारागिरांचे वंशज तेथे राहतात आणि तांब्या-पितळेचे काम करतात. पायी फिरणारे प्रवासी थेट त्यांच्या दारात पोहोचतात, ठोके पडताना पाहतात, आणि पाहिलेली वस्तू विकत घेतात. डोळ्यांपुढे घडलेल्या वस्तूची किंमत सांगताना कारागिराला घासाघीस करावी लागत नाही.

दुसरी गोष्ट, मोठी वस्तू विकायची तर पोस्टाने घरी पाठविण्याची सोय द्यावी. मापे, वजन आणि टपालखर्च लिहिलेला तक्ता दुकानात टांगावा. तिसरी गोष्ट, भाव लिहून ठेवावा. भाषा न समजणाऱ्या माणसाला लिहिलेला भाव हा मोठा दिलासा असतो.

आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. माल जसा आहे तसाच सांगावा. याबाबत एक अनुभव लिहितो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका डोंगरी गावी हॉस्टेलात उतरलो होतो. ते गाव लेह नव्हे. बाजारात एका दुकानदाराने ‘अस्सल पश्मिना’ म्हणून शाल दाखविली. अंगठीतून सरकन ओढून काढली. आम्ही भुललो आणि चांगले पैसे मोजले. रात्री खोलीत शाल दाखविताच शेजारच्या पलंगावरचा एक प्रवासी हसला. तो सूतगिरणीत काम केलेला होता. त्याने झालरीतला एक धागा काढून बाहेर अंगणात काडीने पेटविला. धागा वितळला आणि टोकाला कडक मणी झाला. लोकर पेटली तर केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. वितळून मणी होतो तो कारखान्यातला धागा. अंगठीतून तर कोणतेही तलम कापड जाते.

आमचे पैसे गेले ते गेले. पण दुसऱ्या दिवशी त्या खोलीतील आठ जणांपैकी एकही जण त्या गल्लीकडे फिरकला नाही. त्यांनी पुढच्या गावी आणखी कितीजणांना सांगितले असेल, ते अल्लाहच जाणे. त्याच बाजारात एका म्हाताऱ्या दुकानदाराने आम्हांला स्वतःहून सांगितले होते, ‘भाईसाहेब, ही मेंढीची लोकर आहे, पश्मिना नाही. ऊब चांगली आहे, किंमत थोडी आहे.’ खोलीतल्या पाच जणांनी जाण्याआधी त्याच्याकडून मफलर घेतले.

खरा पश्मिना म्हणजे काय हेही जाणून घ्यावे. लडाखच्या पूर्वेकडील चांगथांग पठारावर, चार हजार मीटरहून उंच, चांगथांगी शेळ्या पाळल्या जातात. कडक थंडीत त्यांच्या अंगावर राठ केसांखाली अतिशय तलम लव येते. उन्हाळ्याच्या सुरुवातीस ती फणीने विंचरून काढतात. १६८४ च्या तिंगमोसगांग तहानुसार या लोकरीचा मक्ता काश्मीरच्या व्यापाऱ्यांना मिळाला होता आणि पिढ्यान्‌पिढ्या ती श्रीनगरच्या मागांवर विणली गेली. काश्मिरी पश्मिन्याला २००८ साली भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली, म्हणजे ते नाव कोणत्याही कापडाला लावण्यास कायद्याने मनाई झाली. लडाखच्या लाकडी कोरीव कामालाही २०२३ मध्ये अशी नोंदणी मिळाली. हाताने कातणाऱ्या बाईची मजुरी आणि महिनोन्‌महिने माग चालविणाऱ्याची कमाई या एका नावावर उभी आहे. खोटी शाल विकणारा गिऱ्हाइकाला तर फसवितोच, पण आपल्याच जातभाई कारागिराच्या ताटातील भाकरी उचलतो.

मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतले धान्य ओले लागले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या व्यापाऱ्याला काय बजावले, ते आपण सर्वजण जाणतो. ओले धान्य वर ठेवा, म्हणजे घेणाऱ्याला दिसेल, हाच त्याचा आशय. पाटीवर ‘मेंढीची लोकर’ असे स्पष्ट लिहिणे म्हणजे तेच करणे होय.

चार महिन्यांची कमाई

डोंगरी गावच्या धंद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लेहचा भर मे ते सप्टेंबर. थंडी वाढली की मनालीची वाट बर्फाखाली जाते, बाहेरून आलेले दुकानदार कुलपे लावून परततात. चार-पाच महिन्यांत बारा महिन्यांचे मिळवायचे. यामुळेच ‘आज आलाय तो पुन्हा कशाला येतोय’ म्हणून लुबाडण्याचा मोह होतो.

शिवाय हे चार महिनेही हमखास नाहीत. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेहवर ढगफुटी झाली, दोनशेहून अधिक माणसे दगावली आणि हंगाम तेथेच संपला. २०२० मध्ये कोरोनाने दुकाने उघडूच दिली नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला निरपराध पर्यटकांची हत्या झाली आणि साऱ्या काश्मीर-लडाखच्या नोंदण्या धडाधड रद्द झाल्या. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला लेहमध्येच आंदोलनाला हिंसक वळण लागले, चार जणांचे प्राण गेले आणि गावात संचारबंदी लागली. कर्ज काढून, त्यातही व्याजी कर्ज काढून या धंद्यात उडी घेणाऱ्याने ही यादी डोळ्यांपुढे ठेवावी. पैसा नफ्या-तोट्याच्या भागीदारीने उभा करावा, खोल्या एकदम न वाढविता वर्षाला एक वाढवावी, आणि हिवाळ्यासाठी हाताशी दुसरा कसब ठेवावा. कुरआनच्या सूरह कुरैशमध्ये हिवाळ्याच्या आणि उन्हाळ्याच्या सफरींचा उल्लेख आहे. हंगामाप्रमाणे बाजार बदलणे हे व्यापाऱ्याचे जुने शहाणपण आहे.

आणखी एक धडा लेहने महागात शिकला. १९८९ मध्ये तेथे बौद्ध आणि मुस्लिम समाजांत तेढ निर्माण झाली आणि मुसलमानांशी व्यवहार न करण्याचा बहिष्कार पुकारला गेला. तो १९९२ पर्यंत चालला. ज्या गावात एकाच घरात दोन्ही धर्मांचे नातेवाईक होते, तेथे शेजाऱ्याच्या दुकानातून मीठ घेणेही बंद झाले. यात फायदा कोणाचाच झाला नाही. बहिष्कार उठला, पण मने जुळायला वेळ लागला. प्रवासी भांडणाच्या गावी येत नाही. बौद्ध घरमालकाचे हॉस्टेल भरले तरच मुस्लिम नानवाईचा तंदूर पेटतो, आणि नानवाईची रोटी चांगली असली तर पाहुणा आणखी दोन दिवस राहतो. शेजाऱ्याची बरकत ही आपलीही बरकत असते, हे बाजारातल्या माणसाइतके कोणाला कळणार?

आपल्याकडे काय?

लेह दूर आहे, पण हा धडा दूरचा नाही. वेरूळ-अजिंठ्याला जाणारे सॅकवाले औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मुक्काम करतात. तेथे हिमरू विणणाऱ्या मुस्लिम कारागिरांचे हात आज थोडेच उरले आहेत. त्यांचे गिऱ्हाईक शहरातून रोज पायी फिरत असते. प्रश्न त्याला माग चालताना पाहण्यास बोलावण्याचा आहे. माथेरान, पाचगणी, महाबळेश्वर येथील आमच्या दुकानदारांनाही हेच सांगणे. हॉस्टेलात उतरलेल्या मुलाला गरीब समजून हाकलू नका. आज तो विद्यार्थी आहे. दहा वर्षांनी तोच बायकोमुलांसह येईल आणि ज्याने त्याला फसविले नाही त्याचे दुकान शोधीत येईल.

ज्यांच्या घरात एखादी खोली रिकामी पडून आहे, त्यांनी हंगामापूर्वी चार पलंगांचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. ज्यांचे दुकान आहे, त्यांनी भावाची पाटी लावावी आणि मालाचे खरे नाव लिहावे. आणि सॅकवाला दारात उभा राहिला, तर आधी पाणी विचारावे. सौदा नंतर होईल, इन्शाअल्लाह.